हवामान धोरणावर सल्ला देणं ही नोकरी असते का?

प्रश्न: माझी मुलगी साताऱ्यात बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ब्रिटनमध्ये सरकारला हवामानबदलावर सल्ला देणारी स्वतंत्र समिती आहे, तसलंच काम करायचंय, असं ती म्हणते. स्पर्धा परीक्षेचं नाव काढलं की चिडते. नुसत्या सल्ल्याचा पगार कोण देणार? आणि सरकार ऐकतं तरी का? – एक आई

नमस्कार ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, खरी मेख तिथेच आहे.

ब्रिटनची ही क्लायमेट चेंज कमिटी २००८ च्या कायद्याने स्थापन झाली. देशाने दर पाच वर्षांत जास्तीत जास्त किती कार्बन सोडायचा, हा आकडा सरकार ठरवतं, पण त्याआधी समितीचा सल्ला घ्यावाच लागतो. सल्ला डावलला तर कारणं लेखी द्यायची. समितीच्या वार्षिक प्रगती अहवालालाही संसदेपुढे उत्तर द्यायचं. म्हणजे निर्णय सरकारचाच, पण कानाडोळा करायची सोय नाही. मे २०१९ मध्ये समितीने २०५० पर्यंत ‘नेट झिरो’ (म्हणजे जेवढा कार्बन सोडला जातो तेवढाच परत शोषला जायचा) सुचवलं आणि जूनमध्ये कायद्यातलं ८० टक्के कपातीचं उद्दिष्ट १०० टक्के झालं. नेहमी असं गोड घडत नाही. २०३० पर्यंत ७५ टक्के कपातीचं स्कॉटलंडचं उद्दिष्ट आता विश्वासार्ह राहिलेलं नाही, असं समितीने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या सरकारने ते सोडून दिलं.

आपल्याकडे हवामानासाठी अशी कायदेशीर समिती नाही. उत्तर देण्याचं बंधन नसलं की काय होतं, हे सातारकरांना वेगळं सांगायला नको. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये तयार झाला, पण माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर, २०१२ मध्येच लोकांसमोर आला.

आता पगाराचं. समितीचे सदस्य म्हणजे बहुतेक मुरलेले प्राध्यापक आणि तज्ज्ञ. मुलीला आज ती खुर्ची नकोय. त्यांच्या मागे पूर्णवेळ पगारी विश्लेषकांचं सचिवालय असतं. घरं, वाहतूक, शेती, वीज यांचे आकडे तपासायचे, मॉडेल चालवायचं, खर्च काढायचा, आणि मंत्र्याला दोन पानांत समजेल असं लिहायचं. संख्याशास्त्रवाले बहुधा अडतात ते या शेवटच्या कामात!

तिने पुढे अर्थशास्त्र किंवा सार्वजनिक धोरण घ्यावं. पुण्याची गोखले संस्था आणि आयआयटी मुंबईचं धोरण अभ्यास केंद्र, दोन्ही पाहा. भारतात हे काम मुख्यतः संशोधन संस्थांमध्ये मिळतं: दिल्लीत सीईईडब्ल्यू आणि टेरी, पुण्यात वीजधोरणावर काम करणारा ‘प्रयास’चा ऊर्जा गट. प्रकल्प आहे तोवर करार, हे आधीच कळलेलं बरं. तुम्हाला हवी तशी पक्की नोकरीही आहे, भारतीय सांख्यिकी सेवा. तिची परीक्षा यूपीएससीच घेते, पण पेपर मुख्यतः तिच्याच विषयाचे. हे तिला सांगून पाहा. कदाचित चिडणार नाही.

परदेशी पदवीसाठी आत्ताच कर्ज काढू नका. आधी तिला महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा एखादा दरनिश्चितीचा आदेश वाचायला द्या. तो कंटाळवाणा असतो. तरीही महिनाभरात त्यावर तिने तुम्हाला कळेल असं दोन पानी टिपण लिहिलं, तर पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज भरायला हरकत नाही.