आई-वडिलांना घेऊन इटली: प्रायव्हेट गाईडवाली टूर खरंच परवडते का?

तुम्ही विचारलंय की वडील सत्तरीचे, आई पासष्टीची, रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस करायचंय, ग्रुप टूरमधे पळापळ होते म्हणून सगळं प्रायव्हेट आणि आपल्या सोयीनं करून घ्यावं का, आणि एजंटनं सांगितलेला आकडा ऐकून पोटात गोळा आलाय. आम्ही चौघांनी (मी, बायको, आई, आबा) ऑक्टोबरात अगदी हेच केलं, काही ठिकाणी पैसे सोन्यासारखे लागले आणि काही ठिकाणी अक्षरशः फ्लॉरेन्सच्या अर्नो नदीत सोडले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एका वाक्यात उत्तर, गाईडवर पैसे टाका, गाडीवर टाकू नका.

आम्हाला एजंटनं जो प्लॅन दिला होता त्यात ११ दिवस काळी व्हॅन आणि 'ड्रायव्हर-कम-गाईड' होता. ऐकायला भारी वाटतं, आपल्याकडं राजस्थानला नाही का ड्रायव्हरच सगळं दाखवत फिरवतो तसं. पण इटलीत हे दोन धंदे वेगळे आहेत. गाईडला सरकारी लायसन लागतं, गळ्यात कार्ड असतं, २०२३ च्या शेवटी तर त्यांनी त्याचा नवीन कायदाच केलाय. ड्रायव्हर गाडीत बसून चार गोष्टी सांगेल, पण कलोसियममधे येऊन तुम्हाला माहिती देणार नाही, तो बाहेर कॉफी पीत थांबणार. म्हणजे आपण दिवसभराचे पैसे भरायचे आणि आत गेल्यावर पुन्हा आपण आणि आपलं गूगल.

दुसरी गंमत म्हणजे या सगळ्या जुन्या शहरांचा मधला भाग गाड्यांना बंद असतो, झेडटीएल म्हणतात त्याला, जागोजागी कॅमेरे असतात आणि परवाना नसलेली गाडी आत शिरली की दंड थेट घरपोच. टॅक्सीला आणि रीतसर परवान्याच्या भाड्याच्या गाड्यांना आत सोडतात, पण आमच्या ड्रायव्हरचं काय बिनसलं होतं देवाला माहीत, त्यानं फ्लॉरेन्समधे हॉटेलपासून पाऊण किलोमीटरवर उतरवलं आणि दगडी रस्त्यावरून चार बॅगा खडखडत नेताना आबा म्हणाले, एवढंच करायचं होतं तर एसटीनं आलो असतो की.

तेव्हा शहराशहरांत ट्रेन. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेननं दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तासांच्या आसपास, स्टेशनं गावातच, तिकीट लवकर काढलं तर स्वस्त. गाडी घ्यायची तर एकच दिवस घ्या, टस्कनीतल्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या भोवतालच्या भागातल्या गावांसाठी. आम्ही सिएना आणि सान जिमिन्यानो केलं. सान जिमिन्यानोत एकेकाळी श्रीमंत घराण्यांनी चढाओढीनं बांधलेले ७२ मनोरे होते म्हणतात, आता १४ उरलेत, शेजाऱ्यानं एक मजला चढवला की आपण दीड चढवायचा ही खोड जगभर सारखीच. तो दिवस मात्र व्हॅनमुळे सुखाचा गेला, हे कबूल.

आता गाईड. प्रत्येक शहरात तिथलाच लोकल गाईड घ्यायचा, तोही अर्ध्या दिवसाचा. एकच माणूस सगळीकडे बरोबर ठेवला की त्याचं हॉटेल, तिकीट, जेवण आपल्याच बोकांडी. आम्हाला तीन तासांचे २०० ते २५० युरो पडले, म्हणजे चौघांत माणशी ५०-६०, एंट्री तिकिटं वेगळी. महाग आहेच, नाही कोण म्हणतंय. पण तीन तासांनंतर तसंही म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात काही शिरत नाही आणि गुडघे बोलायला लागतात. सकाळी गाईड, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी आपलं आपण चौकात बसायचं, हा क्रम आम्हाला मानवला.

आणि 'कस्टमाइज्ड' म्हणजे काय ते मला तिथं जाऊन कळलं. मला वाटायचं म्हणजे हॉटेल चांगलं आणि वेळ आपली. तसं नाही. आमचे आबा जन्मभर कोल्हापुरात बांधकामाची कंत्राटं घेणारे, चित्रं-पुतळे यात त्यांना काडीचा रस नाही. बायकोनं सुचवलं म्हणून रोमच्या गाईडबाईंना मी आधीच मेल टाकला की वडिलांना बांधकामात रस आहे, आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत. त्या बाईंनी त्या दिवसाचा प्लॅनच बदलून टाकला. कारंजी आणि चर्चं कमी केली आणि आम्हाला पँथिऑन या जुन्या रोमन देवळात नेऊन उभं केलं.

तुम्ही फोटो बघितले असतील, पण आत उभं राहिल्यावर ते प्रकरण वेगळंच आहे. इसवी सन १२५ च्या सुमारास हेड्रियन बादशहाच्या काळात पुरं झालेलं, ४३ मीटरचा घुमट, तेवढीच त्याची जमिनीपासून उंची, आणि सगळं नुसतं काँक्रीट, आत एक सळई नाही. बाई सांगत होत्या की खाली भिंतीजवळ काँक्रीटमधे जड दगड घातलाय, वर वर जाईल तसा हलका, आणि टोकाला तर प्युमिस, म्हणजे पायाला घासायचा वज्रीचा दगड असतो ना तसला सच्छिद्र. खाली सहा मीटर जाड, वर सव्वा मीटर. मधोमध आठ-नऊ मीटरचं भोक, वर काही नाही, पाऊस आला की सरळ आत. मी वर बघतोय, बायको वर बघतेय, आणि आबा? आबा दोरीच्या अलीकडून वाकून फरशी बघतायत. म्हणाले, पाणी जातंय कुठं? उतार किती दिलाय बघ. बाई खूश झाल्या, त्यांनी फरशीतली बारीक भोकं दाखवली, मधला भाग किंचित फुगीर कसा ठेवलाय ते दाखवलं, म्हणाल्या की हे फार थोडे लोक विचारतात. दर्शनी भागावर नाव मात्र अग्रिप्पाचं आहे, ज्यानं आधीचं देऊळ बांधलं होतं, हेड्रियननं स्वतःचं घातलंच नाही. त्यावर आबांचं म्हणणं, म्हणजे नव्या आमदारानं जुन्या आमदाराचा बोर्ड ठेवला, आपल्यात एकदा दाखव. हे मी बाईंना इंग्रजीत सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्यातही आता नाही दाखवता येणार.

प्लॅनमधे पँथिऑनला वीस मिनिटं होती, आम्ही सव्वा तास काढला. ग्रुपमधे हे झालं असतं का? झेंडेवाला पुढं निघून गेला असता.

फ्लॉरेन्सला पण तेच. तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आई-वडिलांना घेऊन तो विषयच काढू नका. एजंटच्या यादीत त्याऐवजी सरधोपट उफिझी, म्हणजे तिथलं चित्रांचं मोठं म्युझियम होतं. गाईडनं (इथं एक तरुण पोरगा होता) विचारलं, त्याऐवजी कॅथेड्रलचं म्युझियम बघायचं का, लिफ्ट आहे, गर्दी कमी. तिथं लाकडी मॉडेलं आहेत, जुनी अवजारं आहेत. ब्रुनेलेस्की नावाच्या आर्किटेक्टनं १४२० ते १४३६ मधे तो घुमट सेंटरिंग (खालून टेकू देणारा सांगाडा) न लावता चढवला हे ऐकल्यावर आबांचा विश्वासच बसेना. सेंटरिंगशिवाय? एवढा? मग त्या पोरानं तिकिटाच्या मागच्या बाजूला पेननं काढून दाखवलं की आडव्या विटांच्या थरात मधेमधे एकेक वीट उभी घालायची, पुढच्या थराला तीच पाचरीसारखी धरून ठेवते, वळणावळणानं वर चढत जायचं, मासळीच्या काट्यासारखी वीण दिसते. आबांनी ते तिकीट खिशात घातलं आणि कोल्हापुरात आल्यावर दोन गवंड्यांना दाखवलंय. उफिझी राहिलं ते राहिलंच, बायकोची अजून थोडी नाराजी आहे, ती खरी आहे.

आता एक गोष्ट जी कुठल्याच पॅकेजमधे नसते आणि मराठी माणसानं, त्यातून कोल्हापूरकरानं तर चुकवूच नये. फ्लॉरेन्सच्या पश्चिम टोकाला काशीने नावाची मोठी बाग आहे, अर्नोच्या काठानं लांबच लांब. तिच्या अगदी शेवटी, जिथं मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते, तिथं आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. दुसरे राजाराम, शाहू महाराजांच्या आधीचे. १८७० साली इंग्लंडला गेले होते, परतताना फ्लॉरेन्समधे आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथंच गेले, वय जेमतेम विशीचं. त्या काळी तिकडं दहनाची पद्धत नव्हती, खास परवानगी काढून नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. १८७४ मधे तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्याला पगडी. छत्रीचं डिझाइन मेजर मँटचं, म्हणजे ज्यानं नंतर कोल्हापूरचा न्यू पॅलेस काढला तोच.

आमच्या गाईडला हे नेण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, अच्छा, इंडियानो! म्हणजे भारतीय. तिथल्या लोकांना जागा माहितीय, शेजारच्या मोठ्या पुलाचं नावच 'इंडियानोचा पूल' आहे, पण हा इंडियानो नक्की कोण ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्राम बागेच्या सुरवातीला सोडते आणि तिथून बरंच चालावं लागतं म्हणून टॅक्सी केली. पोचलो तेव्हा तिथं एक माणूस कुत्र्याला फिरवत होता आणि दोन पोरं सायकली टाकून बसली होती, बाकी कुणी नाही. आबांनी बूट काढले. आईनं पर्समधून खडीसाखरेची पुडी काढून ठेवायला जागा शोधली, पण भोवती कुंपण आहे, मग तिनं चार खडे तिथंच ठेवले आणि उरलेली आम्हाला प्रसाद म्हणून दिली. आमच्या गाईड पोरानं पण खाल्ली. मग त्यानंच उलट प्रश्न विचारायला सुरवात केली, कोल्हापूर कुठं, आत्ता राजा आहे का, पुतळ्याला रंग का दिलाय. अर्धा तास आबाच गाईड होते, मी नुसता ट्रान्सलेटर. त्या अर्ध्या तासाचे त्यानं पैसे घेतले नाहीत.

बाकीचं पटपट सांगतो.

कलोसियमची तिकिटं नावानिशी असतात आणि पासपोर्टशी ताडून बघतात. एजंटनं आईचं तिकीट घरातल्या हाकेच्या नावानं काढलं होतं (व्हॉट्सॅपवर मीच तसं पाठवलेलं, त्यामुळे निम्मी चूक माझी). गेटवरचा माणूस सोडेना, गाईडबाई दहा मिनिटं हातवारे करून इटालियनमधे भांडल्या तेव्हा आत गेलो. एकटे असतो तर आई बाहेर. पाँपेईला (ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं जुनं शहर) पण आता नावाचीच तिकिटं आहेत आणि दिवसाला २० हजार लोकांची मर्यादा आहे. मिलानला लिओनार्दोचं 'लास्ट सपर' हे चित्र बघायचं असेल तर तिकीट आत्ताच बघा, १५ मिनिटांचे स्लॉट असतात आणि फार आधी संपतात.

व्हॅटिकनमधे सिस्टीन चॅपलच्या (छतावरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध) आत गाईडला बोलू देत नाहीत, त्यामुळे आधी बाहेरच्या अंगणात बोर्डासमोर उभं करून सगळं समजावतात. तिथं नीट ऐका, आत गेल्यावर फक्त मान वर. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आपल्या आयांना साडी किंवा पंजाबी ड्रेसमुळे काही प्रॉब्लेम येत नाही. रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि तो फुकट असतो त्यामुळे त्या दिवशी आषाढीची गर्दी. उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा असलेलं अकादेमिया सोमवारी बंद, म्हणून फ्लॉरेन्सला रविवारी रात्री पोचणारा प्लॅन कुणी दिला तर समजायचं की त्यानं कॅलेंडर उघडलेलं नाही.

व्हेनिसला गाईड दोन तास पुरतो. तिथं पैसे टाकायचे तर हॉटेल वॉटरबसच्या स्टॉपजवळ घेण्यात टाका, कारण गाड्या नाहीत आणि जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या, बॅग उचलून उचलून खांदे निघतात. गोंडोल्याचा दर ठरलेला आहे, अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, बोटीला हां, माणशी नाही. एजंटनं आमच्या कोटमधे माणशी लावला होता, विचारल्यावर 'टायपिंग मिस्टेक' म्हणाला.

खाण्याचं मात्र आधीच सांगून ठेवा. आई माळकरी, आणि आम्हाला वाटायचं पास्ता-पिझ्झा म्हणजे व्हेजच. पण पार्मेझान चीजमधे वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला लागणारा पदार्थ) असतं, त्यांच्या नियमाप्रमाणे तेच वापरावं लागतं, पेकोरिनो रोमानो या दुसऱ्या चीजमधे कोकराचं. भाजीच्या सूपमधे पण कधी डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात. रोमच्या बाईंनी एका कागदावर इटालियनमधे लिहून दिलं की मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, चीज नाही, रस्सा पण मांसाचा नाही. आई ती चिठ्ठी वेटरच्या हातात द्यायची आणि लसूण-तेल-मिरचीचा पास्ता, टोमॅटोचा पास्ता, बिनचीजचा पिझ्झा असं काही ना काही यायचं. वर शेंगदाण्याची चटणी आपली आपण. आबांना यातलं काहीच लागू नव्हतं, ते रोज ताटात काय आलंय ते आईला न सांगता खात होते.

तुमचा एजंट आत्ता जो आकडा सांगतोय तो तीन भागात फोडून मागा: गाडी किती, गाईड किती, तिकिटं-हॉटेलं किती. फोडून देत नसेल तर दुसरा बघा. आणि प्रत्येक गाईडचं नाव आणि लायसन आधी मागून घ्या, त्याच्याशी तुम्ही स्वतः एकदा मेलवर बोला, वडिलांना कशात रस आहे ते दोन ओळीत कळवा. तुमच्या वडिलांना कशात आहे? ते इथं सांगितलंत तर कुठल्या शहरात काय बघता येईल ते मी लिहू शकेन, माझ्याकडं अजून बरंच आहे.