ललिता पवार : त्या थपडेच्या आधी आणि नंतर

तुमचे प्रश्न तीन आहेत. मंथरा आणि खाष्ट सासू सोडून ललिता पवारांनी केलं काय? थोबाडीत बसून डोळा अधू झाला म्हणून त्या खलनायिका झाल्या, हे खरं का? आणि आज त्यांचे चित्रपट बघायचे तर सुरुवात कुठून करावी? मी मधल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्या एका थपडेच्या गोष्टीनं बाईंची अख्खी कारकीर्द गिळली आहे. कुणाशीही ललिता पवारांचा विषय काढा, दुसऱ्या वाक्याला डोळा येतोच.

घटना खरी आहे. १९४२च्या ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती आणि ती फार जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली, बरीच वर्षं उपचार चालले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. गोष्ट सांगताना भगवानदादांना ‘नवखा नट’ करून टाकतात, ते मात्र पटत नाही. भगवानदादा मूकपटांपासून या धंद्यात होते, तोवर दिग्दर्शनही करून झालं होतं. मारधाडीच्या चित्रपटांतला, अंगापिंडानं दणकट माणूस. हात कच्चा नव्हता, जड होता.

‘नायिका गेली आणि खलनायिका जन्माला आली’ हे पुढचं वाक्य तर मला अजिबात मान्य नाही. कारण १९४२ साली ललिताबाई काही नुकत्या आलेल्या नव्हत्या. त्यांच्या पाठीशी चौदाएक वर्षांचं काम होतं.

जन्म येवल्याचा, १९१६ चा. मूळ नाव अंबा, आडनाव सगुण. वडिलांचा रेशमाचा आणि सुताचा व्यापार, आता येवल्यात दुसरा कसला असणार म्हणा. लहानपणीच त्या मूकपटांत कामाला लागल्या, तेव्हा पडद्यावरचं नाव अंबू. पुढे दिग्दर्शक जी. पी. पवारांशी लग्न झालं आणि ‘पवार’ हे आडनाव आलं. ते लग्न टिकलं नाही. नंतर त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी संसार केला, पण पडद्यावर पवारच राहिल्या. मूकपट संपून बोलपट आले तेव्हा कितीतरी नट-नट्यांचे आवाज निकामी ठरले, कुणाला हिंदी बोलता येईना, कुणाला गाता येईना. ललिताबाई दोन्हीत तरल्या. शिवाय तिशीच्या दशकातच त्या निर्मात्या झाल्या होत्या. ‘दुनिया क्या है’ हा टॉलस्टॉयच्या कादंबरीवर बेतलेला चित्रपट त्यांनी स्वतः काढला. विशीतली, फारसं शिक्षण नसलेली येवल्याची मुलगी रशियन कादंबरीवर सिनेमा काढते, हे आपल्याला सांगत कुणी नाही. आपल्याला डोळा सांगतात.

मराठीतही त्या तोवर मोठ्या लोकांबरोबर कामं करून बसल्या होत्या. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ १९३९चा. मास्टर विनायकांचा, वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा ‘अमृत’ १९४१चा. आणि प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला १९४४ला, म्हणजे ज्या काळात त्या सगळ्यातून बाजूला पडल्या होत्या असं सांगतात, त्याच काळात. त्यात त्या आनंदीबाई आहेत. मराठी माणसाच्या डोक्यात आनंदीबाई म्हणजे ‘ध’चा ‘मा’, पुतण्याचा जीव घेणारी काकू. गजानन जागीरदारांच्या रामशास्त्र्यासमोर त्या ज्या ताठ मानेनं उभ्या राहतात, ती पुढच्या चाळीस वर्षांच्या ललिता पवारांची पहिली झलक म्हणायला हरकत नाही.

माझं म्हणणं असं: डोळ्यानं त्यांचं वय आणि नायिकापद हिरावलं, अभिनय डोळ्यातून आला नाही. त्या दुखापतीचा वापर कसा करायचा हे त्यांना कळलं, कारण कॅमेऱ्यापुढे चेहरा कसा धरायचा हे आधीच ठाऊक होतं. मूकपटात वाढलेल्या नटीला तेवढंच तर शिकवलेलं असतं. नीट बघा, रागाच्या प्रसंगी त्या चेहरा थोडा तिरका करतात, तो बारीक डोळा समोर येतो आणि समोरचा माणूस वजनकाट्यावर ठेवल्यासारखा वाटायला लागतो. आणि ‘अनाडी’त त्याच डोळ्यानं त्या हसतात तेव्हा तो मिश्कील दिसतो. डोळा तोच.

आता वयाचं गणित बघा, म्हणजे त्या काळच्या बाईमाणसाचं या धंद्यात काय होत असे ते कळेल. ‘दाग’ (१९५२) मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. दिलीपकुमारचा जन्म १९२२चा, यांचा १९१६चा. सहा वर्षांनी मोठी आई! नट चाळिशीतही कॉलेजात जात होते, आणि नटीला पस्तिशीत पांढरे केस लावून चुलीपुढे बसवत होते.

त्या काळातल्या हिंदी सिनेमाला आया पुरवायचं काम बऱ्याच अंशी मराठी बायकांनीच केलं. दुर्गा खोटे घरंदाज, लीला चिटणीस सोसणारी, सुलोचनादीदी मायाळू. उरली ती सासू, आणि ती ललिताबाईंच्या वाट्याला आली. शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) त्यांनी हुंड्यापायी सुनेला छळणारी सासू अशी केली की नंतर निर्मात्यांनी दुसरं काही मागायचंच सोडलं. या सासवांमधल्या निम्म्या मी तरी परत बघणार नाही. एकाच छापाचं लिखाण, तेच टोमणे, तेच ओठ मुडपणं. पोटासाठी केलेलं काम म्हणून सोडून द्यावं.

बाकीची कामं एकापुढे एक ठेवली की एक सूत्र दिसायला लागतं. त्या दुष्ट बाई क्वचितच असतात. घराच्या किल्ल्या जिच्या कमरेला आहेत अशी बाई असतात. पैसा, जागा, मुलींची लग्नं, दवाखान्याची शिस्त, काही ना काही त्यांच्या ताब्यात असतं. अशा बाईला त्या काळचा सिनेमा एक तर मोडतो, नाहीतर वितळवतो. त्या मोडण्या-वितळण्यात खरी ललिता पवार आहे.

१९५५ हे एकच वर्ष घ्या. गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्या सीतादेवी, मधुबालाची श्रीमंत आत्या. पुरुषांवर विश्वास नाही, बायकांच्या हक्कांसाठी भाषणं देतात, आणि भाचीला वारसाहक्काची मालमत्ता मिळावी म्हणून तिचं एका बेकार व्यंगचित्रकाराशी नावापुरतं लग्न लावून देतात. ‘तुम कम्युनिस्ट हो?’ असं त्या विचारतात आणि गुरुदत्त म्हणतो, ‘जी नहीं, कार्टूनिस्ट.’ हा विनोद सगळ्यांना पाठ आहे, पण तो उभा राहतो तो ललिताबाईंच्या चेहऱ्यावर. त्या प्रश्न पूर्ण गांभीर्यानं विचारतात. जरा जरी हसू आलं असतं तर उत्तर फुकट गेलं असतं. चित्रपटाचं राजकारण आज खटकतं. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी झाला, आणि हा सिनेमा घटस्फोट मागणाऱ्या बायकांची टिंगल करतो. पण सीतादेवीला भाचीची खरंच काळजी आहे, हे बाईंनी सोडलं नाही, त्यामुळे ती टिंगल पुरती जमत नाही. मला तर हल्ली सीतादेवीचंच बरोबर वाटतं!

आणि त्याच वर्षीचा राज कपूरचा ‘श्री ४२०’. इथे त्या गंगामाई, मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी. शहरात नुकता आलेला, खिशात काही नसलेला राज त्यांच्याशी केळ्यांच्या भावावरून हुज्जत घालतो आणि त्या त्याला झोडपतात, पण हाकलत नाहीत. बसण्यात, टोपली सरकवण्यात, वस्सकन अंगावर येऊन लगेच विसरण्यात एकही सीतादेवी नाही. पुढे राजच्या फसव्या योजनेत घर मिळेल म्हणून फुटपाथवरची माणसं साठवलेले पैसे घेऊन येतात, तेव्हा या बाईनं आयुष्यभर केळी विकून काय बाजूला टाकलं असेल ते आपल्याला न सांगता कळतं. बंगल्यातली आत्या आणि फुटपाथवरची केळेवाली, एकाच वर्षात. तेव्हा बाई चाळिशीच्याही नव्हत्या.

‘अनाडी’ (१९५९) तर माहीत असेलच. हृषीकेश मुखर्जींचा, राज कपूर आणि नूतनचा. मिसेस डिसा, राजची घरमालकीण. भाड्यावरून तोंड सुटतं, आणि त्याच तोंडानं ‘जेवलास का’ हेही विचारलं जातं. तिचा शेवट होतो तो मोतीलालच्या कंपनीच्या औषधानं, आणि आळ येतो राजवर. म्हणजे सगळ्या कथेचा कणा ही म्हातारी आहे. तिच्यावर आपला जीव जडला नाही तर सिनेमा कोसळतो. सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर त्यांना या भूमिकेसाठी मिळालं. हृषीदांना त्यांच्यातली ही बाजू बरोबर कळली होती. १९६१च्या ‘मेम-दीदी’त त्यांनी बाईंना चक्क मुख्य भूमिका दिली: वस्तीत राहायला आलेली एक बाई आणि तिच्यापुढे विरघळणारे दोन दांडगट, डेव्हिड आणि जयंत. तो लोक विसरले. मग दहा वर्षांनी ‘आनंद’मध्ये परत डिसा, या वेळी मेट्रन. रमेश देव आणि सीमाताईंच्या नर्सिंग होममधली, राजेश खन्नाला दटावणारी आणि त्याच्यापुढे हरणारी. भूमिका केवढीशी! तरी मी ‘आनंद’ बघतो तेव्हा अमिताभपेक्षा मेट्रन कधी येते याची वाट बघतो. (हे इथे लिहिल्यावर मला मार बसणार आहे, माहीत आहे.)

१९६१ मध्येच त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी ‘जंगली’ आला. त्यात घराण्यात कुणी हसायचं नाही असा नियम घालणारी शम्मी कपूरची आई. त्याच्या गाण्यातला ‘याहू’ कुणाच्या विरोधात ओरडला जातोय? या बाईच्या. पण मला त्याहून ‘प्रोफेसर’ (१९६२) आवडतो. पुन्हा सीतादेवी, पुन्हा समोर प्रीतम नावाचा नायक, जणू गुरुदत्तच्या सिनेमातूनच उठून आल्यासारखे दोघं. मुलींना शिकवायला म्हातारा प्रोफेसरच हवा अशी बाईंची अट, म्हणून शम्मी दाढी लावून येतो, आणि ही करडी पालक त्या खोट्या म्हाताऱ्यावर भाळते. हा सगळा फार्स आहे, प्रेक्षक खो खो हसतात. आणि मधेच ललिताबाई असं काही करतात की हसू घशात अडकतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुली राखण्यात ज्या बाईचं तारुण्य गेलं, ती आता लाजते आहे, आवाज मऊ होतो आहे, आणि समोर आहे एक फसवणूक. दिग्दर्शकाला हे इतकं खोल हवं होतं की नाही, शंकाच आहे. बाईंनी केलं.

आता मंथरा. रामानंद सागरांचं ‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालं, तेव्हा ललिताबाई सत्तरीला आल्या होत्या. बऱ्याच जणांना माहीत नसतं की ही त्यांची पहिली मंथरा नाही. १९६१च्या ‘संपूर्ण रामायण’ चित्रपटातही मंथरा त्याच होत्या. म्हणजे पाव शतक त्या भूमिकेवर त्यांचा हक्कच होता म्हणायचा. रविवारी सकाळी आमच्या शेजारच्या काकू हात जोडून टीव्हीपुढे बसायच्या आणि मंथरा आली की तिच्याकडे बघून बोटं मोडायच्या.

त्या मालिकेतला अभिनय एकूण फार सावकाश, अलंकारिक; प्रत्येक जण वाक्य संपवून थांबतो. मंथरा थांबत नाही. पाठ वाकलेली, मान वर काढून कैकेयीच्या चेहऱ्यावरचं एकेक पान वाचत ती बोलते. पद्मा खन्नांची कैकेयी आधी रामाच्या अभिषेकानं खूश असते. तो आनंद उतरवून तिथे भीती बसवायची, हे मंथरेचं काम. ललिताबाई ते कपटानं करत नाहीत, कळकळीनं करतात. माहेराहून आलेली दासी, जिनं हिला अंगाखांद्यावर वाढवलं, तिला खरोखरच वाटतं की आपल्या मुलीचं उद्या काही खरं नाही. किल्ल्या दुसरीच्या कमरेला जाणार, हे तिला सगळ्यांआधी दिसलंय. बाकी सगळे त्यांना पुढे मंथराच म्हणत राहिले. २४ फेब्रुवारी १९९८ला पुण्यात औंधला त्या गेल्या, आणि मूकपटापासून मोजली तर कारकीर्द भरते जवळपास सत्तर वर्षांची.

तर, सुरुवात कुठून. ‘दहेज’पासून मुळीच नको, तुमचा पूर्वग्रह पक्का होईल. एखाद्या सुट्टीला ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ आणि ‘श्री ४२०’ लागोपाठ बघा, याच क्रमानं. मग ‘अनाडी’. ‘प्रोफेसर’ त्यानंतर, कारण आधीची सीतादेवी डोक्यात असेल तर दुसरी जास्त लागते. ‘रामशास्त्री’ची बरी प्रत सापडली तर सोडू नका. आणि ‘रामायणा’तले कैकेयी-मंथरेचे भाग सगळ्यात शेवटी ठेवा, आवाज थोडा कमी करून, पार्श्वसंगीत इतकं कानठळ्या बसवणारं आहे की बाई काय करताहेत तिकडे लक्षच राहत नाही.