‘गतिमान स्मृती’ हा शब्द आवरा

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. संगणकावरच्या पाठ्यपुस्तकात रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या कामापुरत्या स्मृतीच्या, स्टॅटिक रॅम आणि डायनॅमिक रॅम या दोन प्रकारांना ‘स्थिर स्मृती’ आणि ‘गतिमान स्मृती’ म्हणावं, की ‘स्थितिक’ आणि ‘गतिक’? शिवाय ‘एसडीरॅम’ या मेमरीच्या नावातला ‘एस’ स्टॅटिकचाच ना?

शेवटचं आधी उरकतो. नाही, तो ‘एस’ सिंक्रोनसचा. क्लॉकच्या, म्हणजे संगणकाला ताल देणाऱ्या संकेताच्या, ठोक्याला धरून चालणारी, पण आतून पूर्णपणे डायनॅमिक अशी ही रॅम आहे. एसरॅम (स्टॅटिक रॅम) आणि एसडीरॅम ही नावं भावंडांसारखी दिसत असली, तरी एसडीरॅमचं कूळ डीरॅमचं, म्हणजे डायनॅमिक रॅमचं.

आता ‘गतिमान स्मृती’. हा शब्द वाचला की विद्यार्थी हमखास समजतो, ही वेगवान असणार आणि ती दुसरी ‘स्थिर’ बिचारी मंद. प्रत्यक्षात बरोबर उलटं आहे. प्रोसेसरच्या पोटातली पहिल्या पातळीची कॅश, म्हणजे अगदी हाताशी ठेवलेली छोटी मेमरी, स्टॅटिक रॅमची असते आणि ती चारपाच क्लॉक सायकलींत, म्हणजे साधारण एका नॅनोसेकंदात उत्तर देते. मुख्य मेमरी डायनॅमिक; तिच्यापर्यंत जाऊन यायला साठ ते शंभर नॅनोसेकंद लागतात. ज्या नावामुळे परीक्षेत नेमकं चुकीचं उत्तर लिहिलं जातं, ते नाव कसलं?

‘स्थिर’ची खोड वेगळी. तो ऐकला की वीज गेली तरी टिकणारी, असा अर्थ घेतला जातो. काही टिपणांत तर ‘स्थायी स्मृती’ असं सरळ छापलेलं असतं. वीज गेल्यावर टिकते ती फ्लॅश किंवा रॉम. स्टॅटिक आणि डायनॅमिक या दोन्ही रॅम वीज तोडली की रिकाम्या होतात. (डायनॅमिक थोडी रेंगाळते, हे विशेष. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी ती उणे ५० अंशांपर्यंत गार करून वीज तोडली, तर दहा मिनिटांनीही एक टक्क्याहून कमी बिट, म्हणजे साठवलेले ० आणि १, बिघडले होते.)

मग स्टॅटिक म्हणजे काय? इथे खरी गंमत आहे. ‘स्टॅटिक’ ज्या ग्रीक ‘स्टॅटिकोस’वरून आला, त्याचा अर्थ ‘उभा असलेला’ असा नाही. ‘उभं करणारा’, आणि त्यावरून ‘तोलणारा’, असा आहे. मूळ धातू आणि आपला ‘स्था’ सख्खे. पण रूप प्रयोजकाकडे झुकणारं! म्हणजे संस्कृतात त्याचा जोडीदार ‘स्थिर’ नव्हे, ‘स्थापक’. आणि ‘स्थापक’ म्हटलं की न्याय आणि वैशेषिक या प्राचीन दर्शनांच्या तत्त्वज्ञांची आठवण होते. त्यांनी ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना स्मृतीला कारण होते. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडल्यावर तिला मूळच्या जागी आणणारा. स्मृती, वेग आणि स्थिती या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच मथळ्याखाली नीट वेगळ्या करून ठेवल्या आणि आपण पाठ्यपुस्तकात त्यांची खिचडी केली.

आता स्टॅटिक रॅमचा सेल, म्हणजे एक बिट साठवणारा घटक, उघडून पाहा. त्यात सहा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवले स्विच, असतात. चार ट्रान्झिस्टरांचे दोन इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारे) होतात आणि प्रत्येकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडलेलं असतं. उरलेले दोन ट्रान्झिस्टर म्हणजे आतबाहेर करण्याचे दरवाजे. एका बाजूला १ असेल तर तो पलीकडे ० करतो आणि तो ० अलीकडचा १ पक्का करतो. मध्येच थोडा विद्युत गोंगाट येऊन व्होल्टेज ढळलं, तर ही जोडीच त्याला मागे ढकलून जागेवर आणते. हा शब्दशः स्थितिस्थापक. तो कमकुवत पडला की काय होतं तेही पाहा. वाचताना दोन्ही बिटलाइन, म्हणजे सेलमधला बिट ने-आण करणाऱ्या तारा, आधीच जास्त व्होल्टेजवर चढवलेल्या असतात, त्यामुळे ० धरून बसलेला बिंदू दरवाजातून किंचित वर ओढला जातो. त्याला खाली धरणारा ट्रान्झिस्टर दरवाजाच्या ट्रान्झिस्टरपेक्षा ताकदवान नसेल, तर नुसत्या वाचण्यानं बिट उलटतो. पुरवठ्याचं व्होल्टेज जितकं खाली आणाल, तितकी ही सहनशक्ती घटते. ‘स्थिर’ या शब्दात या झटापटीचा मागमूस नाही. ‘स्थितिस्थापक’मध्ये ती सगळी आहे. भौतिकशास्त्रानं तो शब्द रबर आणि स्प्रिंगसाठी राखून ठेवलाय, हा आक्षेप येणारच. येऊ द्या. गुणधर्म तोच आहे.

‘डायनॅमिक’कडे वळू. ग्रीक ‘डायनॅमिस’ म्हणजे शक्ती, सामर्थ्य, क्षमता. डायनामो आणि डायनामाइट त्याच घरचे. गतीचा त्यात कुठेही पत्ता नाही. लाइब्निझनं सतराव्या शतकाच्या अखेरीस बलांच्या शास्त्राला हे नाव दिलं, बलांमुळे गती निर्माण होते म्हणून आपण त्या शास्त्राला ‘गतिकी’ म्हटलं, आणि मग जिथे डायनॅमिक दिसेल तिथे गती चिकटवायची सवय लागली. याहून मजेदार म्हणजे ॲरिस्टॉटलच्या ‘डायनॅमिस’चं लॅटिन भाषांतर ‘पोटेन्शिया’ झालं आणि त्यातून ‘पोटेन्शियल’ आला, जो मराठीत ‘स्थितिज ऊर्जा’ आणि ‘विभव’ बनला. म्हणजे व्युत्पत्तीनं पाहिलं तर डायनॅमिकच्या वाट्याला ‘स्थितिज’ यायला हवा होता! कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युत प्रभार साठवणाऱ्या घटकात, विभवाच्या रूपानं बिट साठवणाऱ्या मेमरीला तो किती चपखल बसला असता. अभियंत्यांच्या मनात यातलं काही नव्हतं, हे मान्य. प्रभारावर किंमत धरून ठेवणाऱ्या आणि वेळीच हात लावला नाही तर ती गमावणाऱ्या परिपथांना ते डायनॅमिक म्हणत आणि तेच विशेषण मेमरीला लागलं. पण योगायोगालाही दाद द्यावी.

या मेमरीचा सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही कल्पना, पेटंट १९६८ चं. कपॅसिटर इतका इवलासा, की प्रभार गळतोच. म्हणून डीडीआर४ या पिढीच्या मेमरीत दर ६४ मिलिसेकंदांत सेलांची प्रत्येक ओळ एकदा वाचून परत लिहावी लागते. त्यासाठी ८१९२ आज्ञा लागतात, म्हणजे सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर गळती वाढते आणि मुदत निम्म्यावर येते. ८ गिगाबिटच्या चिपमध्ये अशी एक आज्ञा ३५० नॅनोसेकंद खाते. तेवढा वेळ त्या चिपमधून काहीही वाचता येत नाही. म्हणजे साडेचार टक्के वेळ नुसता सांभाळण्यात जातो. शिवाय इथे वाचणं म्हणजेच पुसणं. कपॅसिटरचा प्रभार बिटलाइनवर सांडतो, तिथे शंभरएक मिलिव्होल्टांचा फरक पडतो, सेन्स ॲम्प्लिफायर तो ओळखून पूर्ण ० किंवा पूर्ण १ पर्यंत ताणतो आणि तोच परत सेलमध्ये भरला जातो.

या क्रियेला इंग्रजीत रिफ्रेश म्हणतात आणि आपले अनुवादक डोळे मिटून ‘ताजेतवाने करणे’ लिहितात. अहो, वेबपान रिफ्रेश केलं की नवा मजकूर येतो. इथे एक बिटही नवा येता कामा नये! पुसट होत चाललेलं तेच पुन्हा ठळक करायचं. मराठीत याला शब्द आहे, प्रत्येक मराठी मुलानं पाढे पाठ करताना ऐकलेला: उजळणी. संस्कृत उद् + ज्वल्, त्यातून उज्ज्वल, प्राकृतात उज्जल, मराठीत उजळ. विझत आलेल्याला पुन्हा तेज देणं, हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. जॉन ॲटनासॉफ यांनी १९४२ च्या सुमाराला आयोवात केलेल्या यंत्रात फिरत्या पिंपावर कपॅसिटर बसवले होते, दर फेरीला त्यांचा प्रभार पुन्हा भरला जाई, आणि या क्रियेला ते ‘जॉगिंग’ म्हणत, म्हणजे आठवणीला ढोसणं. ‘गतिमान’वाल्यांनी जॉगिंग ऐकून लगेच खूश होऊ नये.

‘स्थितिक’ अशुद्ध, ‘स्थैतिक’च लिहा, असं बजावणाऱ्या वैयाकरणांना एकच विचारतो: ‘इक’ लागल्यावर आद्यस्वराची वृद्धी (इ चा ऐ, अ चा आ) हवीच असेल, तर शेजारी ‘गातिक’ का लिहीत नाही? एका डोळ्यात काजळ आणि दुसरा कोरडा, असं व्याकरण चालत नाही.

अनुवादकानं आणखी एक खड्डा टाळावा. प्रोग्रॅमिंगमधलं स्टॅटिक आणि डायनॅमिक मेमरी ॲलोकेशन हे निराळंच प्रकरण आहे. तिथे जागा कधी ठरते, प्रोग्रॅम बांधताना की चालताना, एवढाच प्रश्न असतो. अर्डुइनो ऊनो आर३ या शिकाऊंच्या छोट्या सर्किट-बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये (एका चिपवरच्या इवल्या संगणकात) २ किलोबाइट रॅम आहे आणि ती सगळी स्टॅटिक. प्रोग्रॅमनं चालताना मागितलेली ‘डायनॅमिक’ जागाही त्याच स्टॅटिक रॅममध्ये मिळते. दोन्ही ठिकाणी ‘गतिक’ वापरलात तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही. ॲलोकेशनसाठी ‘पूर्वनियत’ आणि ‘चालत्या वेळची’ असं लिहा.

रॅमसाठी माझं मत असं: पहिल्या उल्लेखात ‘स्टॅटिक’ आणि ‘डायनॅमिक’ हेच शब्द देवनागरीत ठेवा आणि लगेच ‘स्थितिस्थापक’ व ‘उजळणीची’ जोडा. पुढे बाजारात स्यूडो-स्टॅटिक रॅमही भेटेल. तिचे सेल डायनॅमिकच असतात, फक्त उजळणी करणारा परिपथ त्याच चिपमध्ये बसवलेला असतो, त्यामुळे बाहेरून ती स्टॅटिकसारखी वागते. तिला ‘छद्म-स्थिर’ म्हणू नका, ‘स्वयं-उजळणीची’ म्हणा.