पत्र्याला 10 वर्षांची वॉरंटी आहे. तिसऱ्याच पावसाळ्यात कारखान्याची शेड स्क्रूजवळून गळतेय. कंपनी भरून देईल का?

बहुतेक नाही; पत्रा बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी पत्र्याची असते, छपराची नाही. कलर कोटेड पत्र्याच्या वॉरंटीत सहसा मुख्यतः दोन गोष्टी येतात: रंगाचे पापुद्रे निघणं आणि गंजून आरपार भोक पडणं. पाणी स्क्रूपाशी येतंय म्हणजे बहुतेकदा पत्रा ठीक, बसवणं चुकलेलं. शेडच्या कामांत हे नेहमी बघतो: स्क्रू जास्त आवळला की खालचा रबरी वॉशर चेपून बाहेर येतो, तिरका बसला तर एका बाजूने फट राहते, पुढे उन्हाने रबर कडक होऊन चिरतं. ही जबाबदारी फॅब्रिकेटरची, म्हणजे शेड उभारून पत्रे बसवणाऱ्याची. त्याने कामाची हमी लेखी दिली असेल तर त्यालाच धरा. ('बघून घेऊ साहेब' ही हमी नव्हे.)

स्क्रूभोवती पत्राच गंजून फाटला असेल तर मात्र कंपनीकडे दावा करून बघा. आधी कार्डावरचे अपवाद वाचा, त्यात हे हमखास सापडतात:
- समुद्राजवळची जागा, केमिकलचा धूर
- ग्राइंडरने कापलेल्या कडा
- छपरावर पडून राहिलेला ड्रिलचा लोखंडी कीस

भरपाईही बरेचदा वर्षागणिक घटत जाते, आणि पत्रा नवा मिळाला तरी तो चढवायची मजुरी तुमच्याच माथी. तोवर गळतीवर डांबर फासू नका, निदान आधी फोटो काढा. छपराला परस्पर हात लावलात की नकाराला आयतं निमित्त मिळतं.