नांगराची सही

मस्कत

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

आजीच्या पेटीतल्या कागदाचा फोटो मिळाला. तू विचारतेस, "बाबा, हे मराठीच आहे म्हणता, मग मला 'श्री' सोडून काहीच कसं वाचता येत नाही? आणि सहीच्या जागी नांगर कुणी काढला?"

कागद मराठीच आहे, पण लिपी मोडी. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग हात न उचलता अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, पूर्णविराम नाही. जिथे बोरूतली शाई संपली तिथे तुटक, एवढंच. आणि तुला आवडेल अशी गोष्ट म्हणजे मोडीत ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच नाही. तुमच्या मराठीच्या बाई तिथे असत्या तर त्यांचं लाल पेन रिकामंच राहिलं असतं!

अक्षर अक्षर लावत बसू नकोस, डोकं दुखेल. खतांचा, म्हणजे व्यवहाराच्या कागदांचा, साचा ठरलेला असतो, तो आधी शोध. वर राणीचा छाप आणि साल आहे. साल फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या जुन्या कालगणनेतलं, १३०९ आहे, त्यात ५९० मिळव. १८९९ येतं ना? तोच मोठा दुष्काळ. म्हणून हे गहाणखत आहे. मग खाली चतुःसीमा येईल, म्हणजे वावराच्या चारी बाजूंना काय आहे ते: पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. हे चार शब्द सापडले की 'स' ओळखीचा होतो, 'र' सापडतो, आणि बाकीचे त्यांच्या आधाराने सुटत जातात. धुऱ्यांची, म्हणजे बांधांची, नावं अडली तर आजीला विचार. ती आधी "काऊन वं, त्या चिंध्या काऊन काढल्या?" म्हणेल, मग नाल्याकडचं वावर कोणाचं, हे पुढं-मागचं सगळं सांगेल.

पैशाच्या ओळीत मात्र सावध राहा. मी कॉलेजात असताना दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला आणि मोठा पंडित होऊन हाच कागद वाचला. '८५ रुपये' आणि पुढे '४२॥' पाहिलं, बेरीज केली आणि अख्ख्या घराला सांगितलं की कर्ज एकशे साडेसत्तावीस होतं. आजोबांना म्हटलं, तुम्हाला ऐकीव माहिती चुकीची मिळाली. त्या दोन आकड्यांमध्ये 'निमे' होतं, तेच मी गाळलं होतं. कोणी मागाहून आकडा वाढवू नये म्हणून रक्कम लिहिली की तिची अर्धीही लिहायचे. ८५ चे निमे ४२॥. शेवटच्या दोन काड्या म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. आजोबा काही बोलले नाहीत, पण नंतर वर्षभर मला 'सावकार' म्हणायचे.

आता नांगर. तो ज्यांच्या सहीच्या जागी आहे ते माझ्या पणजोबांचे वडील. त्यांना लिहिता येत नव्हतं. अशा वेळी कास्तकार नांगर काढायचा आणि लिहिणारा बाजूला 'निशाणी नांगराची' असं लिहायचा. बायका बांगडी काढायच्या. शेवटी 'बिकलम' दिसेल, म्हणजे अमुकाच्या लेखणीने. तेव्हा सगळं वळणदार अक्षर त्या लिहिणाऱ्याचं आहे, आपल्या माणसाचं नाही. पुष्कळदा निशाणीसुद्धा तोच काढून द्यायचा. पण फोटो मोठा करून बघ: अक्षरांची रेघ कशी सरळ, सरावाची, आणि नांगराचा दांडा मध्येच जाड झालाय, फाळाजवळ शाईचा डाग पडलाय. मला वाटतं बोरू त्यांच्याच हातात होता.

कागदाला चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर नकोच. घडीवर फाटलाय तिथे तसाच राहू दे. पेटीच्या तळाशी निळ्या फडक्यात आणखी एक कागद असेल. त्यावरही नांगर आहे का बघ, आणि ओसरीत, सकाळच्या उजेडात फोटो काढ. परवाच्या फोटोत तुझीच सावली पडली होती.

तुझा,
बाबा