भुवयांचं काही करायच्या आधी

भुवया सारख्या दिसत नाहीत म्हणून इंजेक्शन घेऊ का, हा तुझा मेसेज वाचला, फोटोही नीट बघितले. डावी भुवई जरा खाली वाटते हे खरंय, पण लगेच इंजेक्शनची अपॉइंटमेंट घेऊ नकोस. आधी चार-पाच वर्षांपूर्वीचे फोटो काढून फरक तेव्हाही होता का ते बघ, मग आरशासमोर डोळे मिटून कपाळ एकदम सैल सोड, डोळे हळूच उघड आणि कुठली भुवई वर ओढली जाते ते बघ. बऱ्याच जणांचं काय होतं, एका डोळ्याची पापणी जराशी खाली असते आणि नीट दिसावं म्हणून कपाळाचा स्नायू त्या बाजूची भुवई नकळत वर ओढून धरतो, मग आपल्याला वाटतं दुसरीच उतरलीय. अशा कपाळात बोटॉक्स (स्नायू काही काळ सैल करणारं इंजेक्शन) दिलं की ती वर धरलेली भुवई खाली येते आणि डोळा अजूनच मिटल्यासारखा दिसतो. म्हणून आधी कारण, मग उपाय.

आणि हो, भुवई अचानक उतरली असेल, चेहऱ्याची ती बाजू हलत नसेल किंवा बोलणं अडखळत असेल तर हा दिसण्याचा विषयच नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

तसं काही नसेल आणि फरक थोडासाच असेल तर चांगल्या हाताचं थ्रेडिंग आणि पेन्सिल यावर खूप भागतं, खरंच. त्यापुढे जायचंच असेल तर मी बोटॉक्सपासून सुरुवात कर म्हणेन, कारण भुवई खाली ओढणाऱ्या स्नायूंत ते थोडंसं दिलं की ती किंचित वर येते, पूर्ण परिणाम साधारण 2 आठवड्यांत कळतो आणि नाही आवडलं तरी 3-4 महिन्यांत उतरतं. 2 आठवडे व्हायच्या आत टचअपचा हट्ट मात्र धरू नकोस. प्रेग्नन्सी किंवा स्नायूंचा काही आजार असेल तर हे नकोच.

फिलरचं, म्हणजे कातडीखाली भरायच्या जेलसारख्या इंजेक्शनचं, मला जास्त टेन्शन आहे. काही फिलर विरघळवता येतात म्हणून लोक बिनधास्त घेतात, पण भुवईजवळच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात, चुकून त्या रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. पार्लरमध्ये तर अजिबात नाही, कितीही ओळखीचं असलं तरी.

थ्रेड लिफ्टचा (कातडीखालून दोरे घालून भुवई वर ओढतात त्याचा) परिणाम फार टिकत नाही. सर्जरी टिकते, पण तुझ्या वयात त्याची घाई कशाला? पापणीवरची जादा कातडी काढू असं कोणी म्हणालं तर एवढंच विचार, आधी भुवई उतरलीय का ते तपासलंत का? कारण नुसती कातडी काढली की कधीकधी भुवई आणखी खाली येते. हे तपासायला पापण्यांची सर्जरी करणारे डोळ्यांचे डॉक्टरच गाठ.