वाचकांचे प्रश्न: दहा जण जमेपर्यंत थांबा!

प्रश्न: २०२१ मध्ये आमच्या उपकेंद्रात कोविशील्डसाठी सात जण ताटकळत बसलो होतो. सिस्टर म्हणाल्या, “दहा होऊ देत, मग वायल (लशीची बाटली) उघडते.” बाळांच्या लशीला असं कधी होत नाही. हा नियम होता की अडवणूक?
– एक वाचक, देवरुख

उत्तर: नियम ४ तासांचा होता, दहा जण जमवणं ही त्यातून निघालेली सोय. कोविशील्डच्या वायलमध्ये ५ मिलि, म्हणजे अर्ध्या मिलिचे १० डोस. रबरी बुचातून पहिली सुई गेली की लेबलवर तारीख-वेळ टाकायची. मग ४ तास झाले किंवा सत्र संपलं, यातलं जे आधी होईल तेव्हा उरलेली लस बाद. पेंटाव्हॅलंट (बाळांची पाच रोगांवरची एकत्र लस) किंवा टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची लस) उघडलेली वायल नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते, म्हणून तिथे कुणाला थांबवत नाहीत. गोवर-रुबेलाची ४ तासांनी टाकून देतात, तरी एकाच बाळासाठीही ती उघडायची असते.

कोविडच्या वेळी एक तर लस तोकडी, त्यात जून २०२१ पासून लस वाया गेली तर राज्याचा वाटा घटणार असं केंद्राने बजावलेलं. मग सिस्टर वायल उघडायला कचरणारच. आमच्या मते सात जणांना हात हलवत परत पाठवणं हे तीन डोस वाया घालवण्यापेक्षा महाग पडतं.

वायलमध्ये लस मुळात थोडी जास्त भरतात, कारण सुईत आणि सिरिंजच्या टोकाशी थेंब अडकतात. कसलेल्या हाताला ११वा डोसही पूर्ण निघतो. मे २०२१ च्या सुरुवातीपर्यंत केरळने मिळालेल्या ७३,३८,८०६ डोसांतून ७४,२६,१६४ दिले, ते याच जोरावर. मात्र दोन वायलींचा तळ एकत्र करून डोस भरायचा नाही: एकीत जंतू शिरले असतील तर दुसरीही नासते, शिवाय बॅच नंबर कोणता लिहिणार?

आणखी एक नुकसान वायल उघडण्याआधीच होतं. लस २ ते ८ अंशांत हवी, गोठता कामा नये. आईस पॅक फ्रीझरमधून काढून थेट कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या पेटीत) ठेवला की त्याला टेकलेल्या वायलमधली लस गोठू शकते. पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळलं की मगच भरायचा.

प्रश्न: दुसऱ्या डोसचं अंतर सारखं का बदललं?
– एक वाचक, वर्धा

उत्तर: फक्त कोविशील्डचं. आधी ४ ते ६ आठवडे, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८, १३ मेला १२ ते १६. परदेशातल्या चाचण्यांत १२ आठवड्यांवरच्या अंतराने परिणामकारकता ८१ टक्के, ६ आठवड्यांच्या आत ५५ टक्के दिसली होती. टंचाईच्या ऐन भरात निर्णय आल्याने संशय घेतला गेला, तो साहजिकच. कोवॅक्सिनचं अंतर ४ ते ६ आठवडेच राहिलं. शिक्षण, नोकरी किंवा टोकियो ऑलिंपिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना कोविशील्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेता येई. प्रमाणपत्राला पासपोर्ट नंबर जोडून घ्यावा लागे.